पृथ्वीची गती एकाएकी बदलली तर?

(इयत्ता सहावी व सातवी : भूगोल व सामान्य विज्ञान यांचा संयुक्त पाठ)

पृथ्वीच्या परिवलनाचा पाठ चालू असता वर्गातील एखादा चुणचुणीत विद्यार्थी हमखास विचारतो, "गुरुजी, पृथ्वी एकाएकी फिरायची थांबली तर काय होईल?" हा प्रश्न पुस्तकात नसतो व परीक्षेतही येत नाही, म्हणून पुष्कळदा तो हसण्यावारी नेला जातो. तसे होऊ नये. या एका प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न दडलेले आहेत. तसे झालेच तर काय होईल, हा पहिला; आणि तसे होणे शक्य आहे काय, हा दुसरा. पहिल्याचेच उत्तर देऊन थांबणारा शिक्षक मुलाच्या मनात भय ठेवून जातो. दुसऱ्याचेच उत्तर देऊन "असे काही होत नसते, खाली बस" म्हणणारा शिक्षक त्याची जिज्ञासा मारतो. म्हणून दोन्ही उत्तरे दिली पाहिजेत, आणि ती याच क्रमाने दिली पाहिजेत.

ग्रहण आले, कोठे भूकंप झाला, की पृथ्वीविषयी नाना वावड्या उठतात. पूर्वी त्या बाजारातून पसरत. आता मोबाइलवरून घरोघर पोचतात. अशा वेळी घरातील भ्यालेल्या धाकट्या भावंडाला धीर देऊन खरी गोष्ट समजावून सांगता यावी, एवढे ज्ञान सातवीच्या मुलाजवळ असावे, हा या पाठाचा हेतू आहे.

पूर्वज्ञान व साहित्य

पृथ्वी स्वतःभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते व त्यामुळे दिवस आणि रात्र होतात, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. साहित्य म्हणून पृथ्वीगोल, पाण्याने अर्धी भरलेली परात, पेला, पुठ्ठ्याचा तुकडा, एक नाणे, सुमारे एक मीटर उंचीची सरळ काठी व खडू एवढे पुरे.

विषयप्रवेश

प्रथम आपण किती वेगाने चाललो आहोत, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. विषुववृत्ताचा परीघ सुमारे ४०,०७५ किलोमीटर आहे. पलूस हे उत्तर अक्षांश १७ च्या किंचित वर आहे. तेथील अक्षवृत्ताचा परीघ सुमारे ३८,३०० किलोमीटर भरतो. एवढे अंतर पलूस चोवीस तासांत कापते. भागाकार केला म्हणजे ताशी सुमारे १,६०० किलोमीटर, अर्थात सेकंदाला सुमारे ४४४ मीटर वेग येतो. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे बाकावर स्वस्थ बसलेला विद्यार्थी ध्वनीहूनही अधिक वेगाने पूर्वेकडे चालला आहे! हा आकडा फळ्यावर लिहिताच वर्गात एकदम शांतता पसरते, असा अनुभव येईल.

मग हा वेग जाणवत का नाही? औदुंबरच्या घाटावरून कृष्णेत नाव सुटते, तेव्हा संथ पाण्यात नाव चालल्याचे आतील माणसाला कळत नाही. काठावरची झाडे व देवळेच मागे सरकताना दिसतात. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटाने आपल्या ग्रंथात नावेचाच दृष्टांत देऊन सांगितले, की आकाशातील तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात ते पृथ्वीच्या फिरण्यामुळे. नावेतील माणसाला धक्का बसतो तो नाव काठाला आपटते तेव्हा. गती जाणवत नाही. गतीतील बदल जाणवतो. हे वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे. पुढील सर्व विवेचन त्याच्यावरच उभे आहे.

विवेचन

१. एकाएकी थांबली तर : एस. टी. गाडीचा ब्रेक जोरात लागला, की उभे असलेले उतारू पुढे झुकतात. गाडी थांबते; उतारूंची गती मात्र कायम असते. यालाच जडत्व म्हणतात. पेल्यावर पुठ्ठा व त्यावर नाणे ठेवून पुठ्ठा झटकन ओढून दाखवावा. नाणे पेल्यात पडते. नंतर परात जमिनीवर ठेवून सावकाश गोल फिरवावी. पाणी फिरू लागल्यावर परात एकदम थांबवावी. परात थांबली तरी पाणी फिरतच राहते, हे मुले डोळ्यांनी पाहतील.

आता परातीच्या जागी पृथ्वीचे कवच कल्पावे. जमीन एका क्षणात थांबली, तर जे जे तिला घट्ट जखडलेले नाही ते ते ताशी १,६०० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे निघेल. माणसे, जनावरे, वाहने, विहिरींतील पाणी, कृष्णेचा प्रवाह, सर्वांची हीच गत होईल. हवाही थांबणार नाही. अत्यंत भीषण चक्रीवादळातील वारा ताशी सुमारे ३०० किलोमीटर असतो. हा वारा त्याच्या पाचपट होईल. पश्चिमेस सुमारे १२० किलोमीटरांवर अरबी समुद्र आहे. सेकंदाला ४४४ मीटर वेगाने जाणारी वस्तू सरळ वर वळवली, तर हवेचा अडथळा नसताना ती सुमारे १० किलोमीटर उंच चढू शकते. सह्याद्रीच्या या भागातील माथा साधारणतः एक किलोमीटर उंचीचा आहे. तेव्हा त्या समुद्राला सह्याद्री अडवू शकेल काय, हे मुलांनीच ठरवावे.

विषुववृत्तावर हा वेग सर्वांत अधिक म्हणजे ताशी सुमारे १,६७० किलोमीटर आहे. ध्रुवांकडे जावे तसा तो कमी होतो व प्रत्यक्ष ध्रुवावर शून्य होतो. पृथ्वीगोलावर विषुववृत्ताजवळ व ध्रुवाजवळ खडूचे ठिपके देऊन गोल फिरवला, म्हणजे हा भेद स्पष्ट होतो. पृथ्वी थांबली म्हणजे आपण आकाशात फेकले जाऊ, असा मुलांचा एक समज असतो. तो दुरुस्त करावा. गुरुत्वाकर्षण परिवलनामुळे उत्पन्न होत नाही. ते पृथ्वीच्या वस्तुमानामुळे असते व ती थांबली तरी राहीलच. आपण फेकले जाऊ ते आडवे, पूर्वेकडे.

२. हळूहळू थांबली तर : अनेक वर्षांत सावकाश थांबली, तर कोणी फेकले जाणार नाही, पण दिवस वर्षाएवढा लांबेल. सहा महिने ऊन व सहा महिने अंधार. सूर्य वर्षातून एकदाच उगवेल, आणि तोही पश्चिमेकडून; कारण मग तो केवळ पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या परिभ्रमणामुळे सरकताना दिसेल. सहा महिन्यांच्या रात्रीत आपल्या शिवारातील ऊस व द्राक्षवेली तगतील काय, असे विचारावे. शेतकऱ्याच्या मुलाला उत्तर शिकवावे लागत नाही.

याहून नवलाची गोष्ट समुद्राची. कुंभाराच्या चाकावर ओल्या मातीचा गोळा फिरू लागला, की तो बाहेरच्या अंगाला पसरू पाहतो. पृथ्वीही फिरण्यामुळे विषुववृत्ताशी फुगलेली आहे. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, तर ध्रुवापाशी ६,३५७ किलोमीटर आहे. २१ किलोमीटरांचा फरक. फिरणे थांबले, तर घन कवच हा फुगीरपणा लगेच सोडणार नाही, पाणी मात्र सोडील. शास्त्रज्ञांच्या गणिताप्रमाणे समुद्र दोन्ही ध्रुवांकडे वाहत जाईल व विषुववृत्ताभोवती जमिनीचा पट्टा उघडा पडेल. कोकणची बंदरे कोरडी होतील.

३. वेग वाढला तर : फिरण्यामुळे विषुववृत्तावरील वस्तूचे वजन आज सुमारे ०.३ टक्के कमी भरते. पृथ्वी सतरापट वेगाने फिरू लागली, म्हणजे दिवस केवळ ८४ मिनिटांचा झाला, तर विषुववृत्तावर वस्तूला वजनच उरणार नाही. ग्रहमालेत गुरु सर्वांत जलद फिरतो. त्याचा एक फेरा १० तासांहूनही कमी वेळात होतो. तो इतका चपटा आहे, की साध्या दुर्बिणीतूनही हे दिसते. उलट शुक्राला स्वतःभोवती एक फेरा करण्यास पृथ्वीवरील २४३ दिवस लागतात, आणि तो पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरतो. ग्रहांचे वेग किती निरनिराळे असू शकतात, हे यावरून कळेल.

४. असे होणे शक्य आहे काय : आता दुसरा प्रश्न, आणि पाठाचे हेच मर्म आहे. पलूसजवळच्या किर्लोस्करवाडीत १९१० साली कारखाना उभा राहिला. लोखंडी नांगर व कडबा कापण्याची यंत्रे तेथे बनत. अशा कापणीयंत्राचे जड चाक हात सोडला तरी कितीतरी वेळ फिरत राहते. त्याला थांबवण्यास बाहेरून बल लावावे लागते, आणि चाक जितके जड तितके बल अधिक. पृथ्वीचे वस्तुमान किलोग्रॅममध्ये लिहिताना ६ वर २४ शून्ये द्यावी लागतात. एवढे चाक अवकाशात फिरत आहे. त्याला एका क्षणात थांबवील असे बल आपल्या ग्रहमालेच्या आजच्या रचनेत कोठेही नाही. ग्रहणात तर केवळ सावली पडते. सावलीने कोणतेही चाक थांबत नाही.

तथापि पृथ्वीची गती मुळीच बदलत नाही, असे सांगणेही खरे नव्हे. ती बदलते; पण अतिशय सूक्ष्म प्रमाणात. चंद्राच्या ओढीने समुद्राला भरती येते व त्या पाण्याच्या घर्षणाने पृथ्वीला मंद असा ब्रेक लागतो. त्यामुळे एका शतकात दिवस सुमारे २ मिलिसेकंदांनी लांबतो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. या हिशेबाने दिवस एका सेकंदाने वाढण्यास सुमारे ५० हजार वर्षे लागतील. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांच्या अवशेषांवर वाढीच्या रोजच्या रेषा मोजल्या असता, त्या काळी वर्षाचे सुमारे ४०० दिवस होते असे आढळले. म्हणजे दिवस तेव्हा सुमारे २२ तासांचाच होता.

भूकंपानेही गतीत फरक पडू शकतो. फुगडी खेळणाऱ्या मुली एकमेकींच्या जवळ आल्या, की गरका वाढतो. दूर झुकल्या, की मंदावतो. पृथ्वीच्या पोटातील वस्तुमान आसाच्या जवळ सरकले, तर तीही किंचित जलद फिरते. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ झालेल्या प्रचंड भूकंपाने दिवस सुमारे २.६८ मायक्रोसेकंदांनी कमी झाला असावा, असे गणिताने काढण्यात आले. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. आपल्याकडे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेला कोयनेचा भूकंप येथील वृद्धांना आजही स्मरतो. त्याने माणसे दगावली, घरे पडली. पण सुमात्राच्या मानाने तो हजारो पटींनी लहान होता. पृथ्वीच्या गतीवर त्याचा मोजता येण्याजोगा परिणाम संभवत नाही. भूकंप भयंकर असतो तो जमीन हादरल्यामुळे, पृथ्वी थांबल्यामुळे नव्हे. हा भेद मुलांना अवश्य सांगावा. कारण पहिल्यापासून बचाव कसा करावा हे शिकता येते, आणि दुसऱ्याचे भय बाळगण्याचे कारणच नाही.

इतके सूक्ष्म फरक मोजतात कसे, असे मुले विचारतील. अणूंच्या कंपनांवर चालणारी घड्याळे पृथ्वीपेक्षाही नियमित चालतात. त्यांच्याशी पृथ्वीचा मेळ राहावा म्हणून १९७२ पासून २०१६ अखेर २७ वेळा एकेक सेकंद वाढवण्यात आला. शेवटचा वाढीव सेकंद भारतात १ जानेवारी २०१७ रोजी पहाटे साडेपाचच्या ठोक्याला धरला गेला. त्या मिनिटात ६१ सेकंद होते. नंतरच्या काही वर्षांत पृथ्वी उलट किंचित जलद फिरताना आढळली. ५ जुलै २०२४ चा दिवस चोवीस तासांहून सुमारे १.६६ मिलिसेकंदांनी लहान भरला. त्या दिवशी कोणाच्याही हातातील पेला हिंदकळला नाही.

प्रात्यक्षिक

शाळेच्या पटांगणात काठी उभी रोवावी व सव्वाबारापासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाशी खूण करावी. सर्वांत आखूड सावली हीच पलूसची खरी मध्यान्ह. ती घड्याळाच्या बाराला येत नाही. आपले प्रमाणवेळेचे रेखावृत्त ८२ अंश ३० मिनिटे पूर्व आहे व पलूस त्याच्या सुमारे आठ अंश पश्चिमेस आहे. एका अंशास चार मिनिटे, म्हणून येथील मध्यान्ह सरासरीने १२ वाजून ३२ मिनिटांनी होते. वर्षभरात ती थोडी मागेपुढे सरकते. नोव्हेंबरच्या आरंभी ती सव्वाबाराच्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या मध्यास पाऊण वाजण्याच्या सुमारास येते. म्हणून त्या दिवसांत खुणा थोड्या आधी सुरू कराव्या वा थोड्या उशिरापर्यंत चालू ठेवाव्या. महिन्यातून एकदा हा प्रयोग करून नोंदवही ठेवावी. पृथ्वीची गती किती विश्वासाची आहे, हे त्या वहीतून मुलांना आपोआप कळेल.

उजळणीचे प्रश्न

१. आपण ताशी १,६०० किलोमीटर वेगाने जात असूनही तो वेग का जाणवत नाही?
२. पृथ्वी एकाएकी थांबली, तर वस्तू कोणत्या दिशेस जातील? का?
३. पृथ्वी थांबल्यास गुरुत्वाकर्षण नाहीसे होईल काय?
४. फुगडीच्या उदाहरणावरून भूकंपाचा पृथ्वीच्या गतीवरील परिणाम स्पष्ट करा.
५. दिवस शतकात २ मिलिसेकंदांनी लांबतो, तर एका मिनिटाने लांबण्यास किती वर्षे लागतील?
६. "उद्या पृथ्वी फिरायची थांबणार" असे कोणी सांगितल्यास तुम्ही त्याला काय उत्तर द्याल? पाच ओळींत लिहा.

सहाव्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकांनी वर्गात मोठ्याने वाचून घ्यावीत. "घाबरू नका" एवढेच लिहिणाऱ्यापेक्षा घाबरण्याचे कारण का नाही, ते लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास अधिक गुण द्यावेत.