पॅडेल कोर्टाची वाळू

पॅडेलचं कोर्ट विकायला येणारा माणूस एक वाक्य हमखास म्हणतो, "पाणी नको, खत नको, माळी नको." तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कोर्टाच्या कृत्रिम गवतात जी वाळू भरलेली असते तिच्याबद्दल मात्र तो फारसा बोलत नाही, आणि कोर्ट बिघडतं ते बहुतेक वेळा तिच्यापायीच.

पुण्याच्या पश्चिम भागात आमचा बॉक्स क्रिकेटचा टर्फ होता, त्याच्या शेजारी पॅडेलची दोन कोर्टं टाकली. टर्फची सवय असल्यामुळे सगळ्यांना वाटलं, हेही तसंच असणार. तसं नसतं. क्रिकेट-फुटबॉलच्या टर्फचं पातं चांगलं लांब असतं. पॅडेलचं साधारण १० ते १५ मिलिमीटर. त्यातलं बरंचसं वाळूत बुडालेलं हवं आणि वर दोन-तीन मिलिमीटर टोक मोकळं. वाळू पात्याला उभं धरते, बॉलला सगळीकडे सारखी उसळी देते आणि बूट किंचित सरकू देते. हे किंचित सरकणं फार महत्त्वाचं. वाळू कमी झाली की बूट जागच्या जागी अडकतो, शरीर वळतं आणि गुडघा मागे राहतो. जास्त झाली की पाय सटकतो.

आता खेळ बघा. २० मीटर बाय १० मीटरच्या काचबंद जागेत चार माणसं सतत धावतात, थांबतात, गर्रकन वळतात. नेटपासून ६.९५ मीटरवर सर्व्हिसची रेषा. नेटपुढे आणि त्या रेषेच्या आसपास सगळ्यात जास्त घासाघीस. तिथली वाळू बुटांनी उडते आणि काचेच्या पायथ्याशी, कोपऱ्यांत जाऊन साठते. आमच्याकडे नेमाने येणाऱ्या एका काकांची तक्रार सुरू झाली, "तुमचे बॉल मेलेत." नवा डबा फोडून दिला, तरी तेच. मागच्या कोपऱ्यात टप्पा पडला की बॉल उठायचाच नाही, काचेला पार खाली लागायचा आणि परतीचा फटका मारायला हातात काही उरायचं नाही. देखभाल बघणारे आमचे मामा कोपऱ्यात उकिडवे बसले, बोटांनी चाचपलं आणि म्हणाले, "ताई, इथं पातंच लागत नाही हाताला. नुसती वाळू." सर्व्हिसच्या रेषेजवळ नेमकं उलटं: पाती आडवी झोपलेली, चकाकणारी, आणि मुळाशी वाळूचा पत्ता नाही.

म्हणून बॉलला दोष देण्याआधी एक करा. नवा बॉल खांद्याच्या उंचीवरून एकदा कोर्टाच्या मध्यावर सोडा, एकदा कोपऱ्यात. उसळीतला फरक डोळ्यांना दिसतो. मग स्टीलची पट्टी पात्यांमध्ये उभी धरून वाळूच्या वर किती टोक उरलंय ते पाच-सहा जागी पाहा. मामा हे दर सोमवारी सकाळी करतात आणि वहीत लिहितात. गवताच्या वॉरंटीचा वाद निघालाच, तर हीच वही कामाला येते.

झाडणं म्हणजे केर काढणं नव्हे. कडक नायलॉनचा रुंद ब्रश घ्यायचा, काचेपासून मध्याकडे वाळू ओढायची आणि पाती ज्या बाजूला झुकली असतील त्याच्या उलट्या दिशेने फिरवायचा. मग एकदा आडवं. गर्दीच्या कोर्टाला हे आठवड्यातून एकदा तरी हवं, आणि गवत कोरडं असतानाच. तारेचा ब्रश नको. गाडी धुण्याचा प्रेशर पंप तर मुळीच नको. तो धुळीबरोबर वाळूही उडवतो आणि सांधे उकलतो. पानं आधी ब्लोअरने, हलक्या हवेवर, कडेला लावून उचलायची. ती तशीच राहिली तर कुजतात आणि त्यांचा चुरा वाळूत बसतो.

हा खेळ १९६९ च्या सुमारास मेक्सिकोतल्या अकापुल्कोत एन्रिके कोर्कुएरा यांनी सुरू केला आणि वाढला तो स्पेनमध्ये. त्यामुळे गवताबरोबर आलेल्या पुस्तिकेला आपला सलग चार महिन्यांचा पाऊस ठाऊक नसतो, आणि शेजारच्या प्लॉटवर चालू असलेलं बांधकामही नाही. आमच्याकडे दिवाळीनंतर धूळ आणि जूनपासून शेवाळ, असं वर्ष जातं.

पावसाळा संपल्यावर वाळूची भर घालायची होती. काम एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, असलेल्या ठेकेदाराकडे होतं. त्याने माणसं पाठवली, गोण्या रिकाम्या केल्या, कोर्ट छान भरलेलं दिसलं. ती वाळू निघाली बांधकामाची क्रश सँड, म्हणजे आपल्याकडचा काळा दगड फोडून केलेला चुरा. दाण्याला धार, आणि सोबत पिठासारखी भुकटी. आधी बॉल काळे पडले, मग खेळणाऱ्यांचे मोजे. पात्यांची टोकं फाटून त्यांचा कापूस निघायला लागला. एका अवकाळी सरीनंतर भुकटी खाली बसून घट्ट झाली, गवताच्या पाठीवरची पाणी जायची भोकं बुजली आणि सर्व्हिसच्या चौकटीत तळं साचलं. ब्लोअर, ब्रश, मोठा व्हॅक्यूम, सगळं करून पाहिलं. वरची निघाली, तळची हलेना. शेवटी एका कोर्टाचं गवत मुदतीच्या बरंच आधी बदलावं लागलं.

लागते ती धुतलेली, वाळवलेली, गोल दाण्याची सिलिका वाळू, दाण्याचा आकार गवताच्या कंपनीने दिलेल्या मापाचा. ती मिळवायला परदेशी जायला नको. सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यात कासार्ड्याच्या भागात सिलिका निघते, आणि फाउंड्रीवाल्यांना चाळलेली, प्रतवारी केलेली वाळू पुरवणारे व्यापारी असतातच. मात्र फाउंड्रीत वापरून झालेली स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका. अलिबाग-गोव्याकडच्या रिसॉर्टवाल्यांना समोरच्या किनाऱ्याचा मोह होतो. तो आवरा, त्या वाळूत मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो, शिवाय किनाऱ्यावरून वाळू उचलणं कायद्यात बसत नाही. गोणी उतरवायच्या आधी मूठभर वाळू काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळा. चांगली वाळू झटकन तळाशी बसते आणि पाणी जवळजवळ स्वच्छ राहतं. गढूळच राहिलं तर ट्रक परत पाठवा.

भर घालताना पातळ थर द्यायचा, ब्रशने मुरवायचा, मग पुढचा थर. एका दमात ओतलेली वाळू पात्यांना खाली दाबून वरच बसते. आणि हे काम करणाऱ्याच्या तोंडाला रुमाल पुरत नाही. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात कायमची बसते. बरा मास्क द्या. मामा आधी कुरकुरले, पण आता मास्क नसेल तर गोणीला हात लावत नाहीत.

शेवाळ सावलीच्या बाजूने सुरू होतं, काचेलगत. हिरवट झाक दिसली की लगेच कोरड्यात ब्रश मारा. वाढल्यावर ब्लीचिंग पावडर टाकायची घाई होते. त्याने रंग उडतो. गवताच्या कंपनीला विचारून शेवाळनाशक घ्या आणि आधी कोपऱ्यात वीतभर जागेवर लावून पाहा. छत असेल तर पाणी कमी आणि सावली जास्त, हेही ध्यानात ठेवा.

सुटलेला धागा दिसला तर ओढू नका, कात्रीने कापा. पांढऱ्या पट्टीची कड उचलली असेल तर त्याच दिवशी कोर्ट बंद करा, कारण पाय अडकायला तेवढं पुरे होतं. चिकटवण्याआधी तिथली वाळू काढून तळ पूर्ण सुकू द्यायचा. दमटात लावलेला गोंद टिकत नाही.

आणि एएमसीच्या कागदावर दोन ओळी वाढवून घ्या: वाळूचा नमुना आधी दाखवणे, आणि भर घातलेल्या वाळूचं वजन बिलावर लिहिणे. सुरुवातीच्या भरणीचा हिशेब करून पाहा. कोर्ट २०० चौरस मीटरचं. कंपनीने चौरस मीटरला १२ किलो सांगितली असेल तर २,४०० किलो, म्हणजे ५० किलोच्या ४८ गोण्या. गवताचा प्रकार बदलला की हा आकडा बदलतो, म्हणून तो कंपनीकडून लेखी घ्या आणि गोण्या मोजायला स्वतः उभे राहा. ठेकेदार म्हणेल, "एवढा विश्वास नाही का, मॅडम?" त्याला चहा पाजा आणि मोजत राहा.