भाड्याचे घर : हक्क, कायदा आणि कागद

सन १९१७. परदेशात उच्च विद्या संपादन करून बाबासाहेब बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. परंतु अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. जाण्यास ठिकाण नसल्याने कमाठी बागेत काही तास काढून ते मुंबईस परतले. हाती पदव्या होत्या. पाठीशी कायदा मात्र नव्हता.

आज आपल्या वसतिगृहातून बाहेर पडणारा विद्यार्थी शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्या-मुंबईस जातो, तेव्हा त्यालाही प्रथम आडनाव विचारले जाते. फरक इतकाच, की आता कायदा आहे. तो माहीत असणे हे आम्ही शिक्षणाचेच अंग मानतो.

नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ नुसार, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहत्या घराचा ताबा घेण्यास अडथळा आणणे हा गुन्हा आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असल्यास, असे कृत्य अस्पृश्यतेच्याच कारणावरून घडले, असे न्यायालय कलम १२ अन्वये गृहीत धरते. तसे नव्हते, हे आरोपीस सिद्ध करावे लागते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश झाला आहे. तथापि नकार देणारा सहसा जातीचे नाव घेत नाही. तो जेवणाखाण्याचे वा अन्य निमित्त पुढे करतो. म्हणून संदेश जपून ठेवावेत आणि बोलणी करताना सोबत कोणीतरी असावे.

घर मिळाल्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ पाहावा. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ‘कागदाची काय गरज, आम्ही घरचेच’ असे म्हणणाऱ्या मालकास हे कलम नम्रपणे दाखवावे.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. ‘भाडेकरू’ आणि ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहणारा यांचे हक्क सारखे नाहीत. पुष्कळ तरुण दुसऱ्या प्रकारच्या करारावर सही करतात. त्या कराराची मुदत संपताच मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन घराचा ताबा मागू शकतो आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट रक्कम द्यावी लागते. म्हणून मुदत, अनामत रक्कम आणि ती परत मिळण्याची अट वाचूनच सही करावी.

भाडेकरूस मात्र अधिक संरक्षण आहे. भाड्याची लेखी पावती मिळणे हा त्याचा हक्क आहे. पुरेशा कारणाविना पाणी वा वीज तोडण्याचा अधिकार मालकास नाही. तोडल्यास न्यायालयात दाद मागता येते. भाडे थकले तरी मागणीची लेखी नोटीस दिल्यापासून ९० दिवस उलटल्याखेरीज त्या कारणावरून घर खाली करण्याचा दावा लावता येत नाही. घराची दुरुस्ती मालकाने करावयाची असते. भाडेकरूनेही भाडे वेळेवर द्यावे आणि घर नीट राखावे. हक्काची मागणी त्यानेच बळकट होते.

बाबासाहेब स्वतः परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत कित्येक वर्षे राहिले. भाड्याच्या घरात राहण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो नाव लपवून राहावे लागण्यात. बडोद्यात त्यांना ते करावे लागले. आमच्या विद्यार्थ्यांवर ती वेळ येऊ नये. त्यांनी स्वतःचेच नाव सांगावे, करारावर तेच लिहावे आणि कराराची एक प्रत आपल्यापाशी ठेवावी. पालकांनीही मुलास शहरात सोडताना खोलीबरोबर तो कागद एकदा पाहून घ्यावा.