कीटकनाशके आणि मातीतील अदृश्य कामकरी

आपण शेतकरी असो वा नोकरदार, आपले पोट शेवटी मातीवरच चालते. आम्ही बँकेत कारकून. विज्ञानाचे पदवीधर नव्हे. तरीही पीककर्जाचे कागद हाताळताना एक प्रश्न नेहमी मनात येतो. शेतकरी कर्जाच्या पैशातून फवारणीचे औषध घेतो आणि युरियाही घेतो. या दोन खर्चांचा परस्परांशी संबंध आहे काय? आहे, आणि तो जमिनीच्या पोटात आहे.

एक ग्रॅम सुपीक मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. पालापाचोळा व शेणखत कुजवून त्यातील नत्र पिकाला घेता येईल अशा रूपात आणणे, हे त्यांचे कार्य होय. प्रथम अमोनिया तयार होतो. नायट्रोसोमोनास हे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तर नायट्रोबॅक्टर त्याचे पुढे नायट्रेट करतात. मायकोरायझा ही बुरशी मुळांना स्फुरद पुरविते. तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम गटातील जिवाणू हवेतील नत्र पिकाला देतात. हवेत ७८ टक्के नत्र आहे. त्याची किंमत पडत नाही.

औषधांचे परिणाम मात्र सारखे नसतात.

१) काही औषधे जिवाणूंचेच अन्न होतात. २,४-डी हे तणनाशक जिवाणू कुजवून टाकतात. योग्य मात्रेत वापरलेल्या बऱ्याच औषधांचा परिणाम काही आठवड्यांत ओसरतो.

२) जमीन निर्जंतुक करणारी धुरीजन्य औषधे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना दडपतात. मग अमोनिया साचतो, नायट्रेट घटते. मेलेल्या जिवाणूंच्या कुजण्याने काही काळ पीक हिरवेगार दिसते. पण ती साठवलेली पुंजी मोडून खाण्यासारखी गोष्ट आहे.

३) मोरचूद व चुन्याच्या बोर्डो मिश्रणातील तांबे कुजत नाही. फ्रान्समधील जुन्या द्राक्षमळ्यांच्या मातीत ते वर्षानुवर्षे साचत गेले.

४) थायरम, कॅप्टन यांसारखी बुरशीनाशके बियाण्यावर रायझोबियमच्या सान्निध्यात आल्यास जिवाणू मरू शकतात, गाठी कमी येतात. फुकटचा नत्र बुडतो आणि युरियाचे बिल वाढते.

याचा अर्थ औषध वापरूच नये, असे आम्ही म्हणत नाही. किडीने पीक गेले तर कर्ज कशातून फिटणार? परंतु क्रम पाळावा. प्रथम बुरशीनाशक, मग लागल्यास कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी जिवाणू संवर्धक लावावे. बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे. कीड पाहूनच फवारावे, शेजाऱ्याने फवारले म्हणून नव्हे. शेणखत चुकवू नये.

विद्यार्थी मित्रांनो, फुलोऱ्याच्या सुमारास सोयाबीनचे एक रोप मुळासकट अलगद उपटा. एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-तांबूस रंग दिसला, तर जिवाणू कामावर आहेत. पांढरी वा हिरवट दिसली, तर काम बंद आहे. ही परीक्षा घरच्या वडीलधाऱ्यांना अवश्य दाखवा. बँकेचे कर्ज सवडीने फेडता येते. मातीचे कर्ज थकले, तर ते पुढच्या पिढीच्या नावावर चढते.