घटक ५ : स्थलांतरिताचे नाव – समकालीन आफ्रिकी कादंबरीतील वंश आणि अस्मिता

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला :
• 'स्वनाम' आणि 'परदत्त नाव' यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• मराठी मुलखातील आफ्रिकी वंशाच्या माणसांसाठी मराठीने वापरलेल्या शब्दांचा विचार करता येईल.
• दोन समकालीन कादंबऱ्यांतील वंशविषयक अनुभवाचे भाषेच्या अंगाने विवेचन करता येईल.
• असे साहित्य मराठीत आणताना उद्भवणारे पेच ओळखता येतील.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या म्हसावदच्या बाजारात एका फेरीत अहिराणी, गुजरी, भिली आणि पावरी अशा अनेक बोली कानांवर पडतात. या परिसरातील ज्या समाजाला महाराष्ट्रात 'पावरा' म्हणतात, त्यालाच मध्य प्रदेशात 'बारेला' म्हणतात. माणसे तीच, बोली जवळजवळ तीच. राज्याची सीमा ओलांडली की नाव बदलते. याच भागातील कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात तेव्हा त्यांना सरसकट 'खानदेशी' म्हटले जाते. गावी असताना स्वतःला 'खानदेशी' म्हणवून घेण्याची वेळ त्यांच्यावर क्वचितच येते. तेथे कोणी भिल्ल असतो, कोणी पावरा. ऊसतोडीच्या हिशेबात तर नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. म्हणजे माणूस आधी आपल्या जमातीचे नाव मागे ठेवतो आणि मग हातातल्या हत्याराच्या नावाने मोजला जातो.

माणूस स्वतःला ज्या नावाने ओळखतो त्याला आपण या घटकात 'स्वनाम' म्हणू. इतरांनी त्याच्यावर ठेवलेल्या नावाला 'परदत्त नाव' म्हणू. स्थलांतरात पहिले मागे पडते आणि दुसरे पुढे येते. आफ्रिकेतून युरोप-अमेरिकेत गेलेल्या माणसांविषयीच्या कादंबऱ्या वाचताना ही जोडी आपल्याला उपयोगी पडेल. त्या कादंबऱ्यांत 'काळा' असणे हे कातडीच्या रंगापेक्षा पोहोचल्यावर मिळालेले एक नाव आहे, हे या घटकाचे मुख्य प्रतिपादन आहे.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ मराठी मुलखातील आफ्रिकी माणूस

आफ्रिकी स्थलांतरित हा विषय मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. 'हबशी' हा शब्द अरबी 'हबश' म्हणजे अबिसिनिया, आजचा इथिओपिया, यावरून आला. 'सिद्दी' किंवा 'शिद्दी' हा शब्द 'सय्यिद' म्हणजे स्वामी, धनी या अर्थाच्या अरबी शब्दाशी जोडला जातो. एक नाव देशाचे, दुसरे मानाचे. मुरूड-जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलखाला मराठीत 'हबसाण' म्हणत. ते संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले.

मलिक अंबरचे उदाहरण घ्या. इथिओपियात जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव 'चापू' असल्याचे इतिहासकार नोंदवतात. गुलाम म्हणून विकला गेल्यावर एका धन्याने त्याला 'अंबर' हे नाव दिले. दख्खनमध्ये त्याला निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने विकत घेतले. तोही हबशीच होता. पुढे 'मलिक' ही उपाधी लागली. त्याने १६१० मध्ये खडकी हे नगर वसवले आणि १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६२६ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर खुलताबादला आहे. मोगल बादशहा जहांगीर मात्र आपल्या आत्मचरित्रात त्याचा उल्लेख वर्णावरून हिणवणाऱ्या विशेषणांनी करतो. एकाच माणसाच्या वाट्याला आईबापांचे नाव, धन्याचे नाव, राज्याची उपाधी आणि शत्रूची शिवी अशी चार संबोधने आली. यांपैकी स्वनाम एकच, आणि इतिहासात सर्वांत कमी वापरले गेले तेही तेच.

मराठी ऐतिहासिक कादंबरीत सिद्दी बहुधा शत्रुपक्षाचा माणूस म्हणून येतो. इतिहास इतका सरळ नाही. १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर आपल्याला ठाऊक असतो. परंतु त्याच वर्षी नेतोजी पालकरांबरोबर त्या वेढ्यावर चालून गेलेला सिद्दी हिलाल हा शिवाजी महाराजांच्या बाजूचा होता, हे कमी जणांना आठवते. परदत्त नावाचा हाच दोष असतो : ते वेगवेगळ्या माणसांना एकाच गाठोड्यात बांधते. आज बोलण्यात 'हबशी' हा शब्द काळ्या वर्णावरून चिडवण्यासाठी वापरला जातो. देशाचे नाव शिवीत कसे बदलले, हा अर्थपरिवर्तनाचा अभ्यासविषय आहे. तो केवळ भूतकाळाचाही नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात आजही सिद्दी समाज राहतो, मराठी-कन्नडच्या छटा असलेली कोकणी बोलतो आणि २००३ पासून तेथे अनुसूचित जमातींत गणला जातो. आपल्या शहरांत शिकायला आलेल्या केनिया, सुदान, टांझानियाच्या तरुणांनाही आपण कितीदा सरसकट 'नायजेरियन' म्हणतो, हे आठवून पाहा.

५.३.२ 'अमेरिकाना' : नाव आणि उच्चार

चिमामांडा न्गोझी अदिची (जन्म १९७७) या नायजेरियन लेखिकेची 'अमेरिकाना' ही कादंबरी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. शीर्षक हेच एक परदत्त नाव आहे : अमेरिकेहून नवे आढ्यतेखोर वळण घेऊन परतलेल्यांना नायजेरियात थट्टेने 'अमेरिकाना' म्हणतात. नायिका इफेमेलू शिक्षणासाठी अमेरिकेत जाते. मायदेशी ती इग्बो आहे, अमुक घरची मुलगी आहे. 'काळी' ही तिची ओळख नाही, कारण भोवती सगळे तिच्यासारखेच आहेत. ही ओळख तिला अमेरिकेत मिळते.

तिला कामाचा परवाना नसतो, म्हणून ती दुसऱ्या स्त्रीच्या ओळखपत्रावर, दुसऱ्या स्त्रीच्या नावाने काम शोधते. तिचा प्रियकर ओबिंझे इंग्लंडमध्ये असाच 'व्हिन्सेंट' या नावाने राबतो आणि शेवटी त्याची हकालपट्टी होते. नाव उसने घेतल्यावर माणूस स्वतःला हाक मारली तरी 'ओ' द्यायला कचरतो, ही या प्रकरणांतील वेदना आहे.

दुसरा धागा उच्चाराचा. विद्यापीठाच्या कचेरीतील एक कर्मचारी इफेमेलूशी एकेक शब्द तोडून, लहान मुलाशी बोलावे तशी बोलते. इफेमेलू इंग्रजीतच शिकलेली आहे. तरीही त्या दिवसानंतर ती अमेरिकन उच्चारांचा सराव करू लागते. पुढे फोनवरचा एक विक्रेता तिच्या उच्चारांची तारीफ करतो. तेव्हा ही तारीफ आपण का स्वीकारली, असा प्रश्न तिला पडतो आणि ती उसना उच्चार सोडून देते. तुमच्यापैकी जे घरी अहिराणी किंवा पावरी बोलतात आणि वर्गात 'शुद्ध' मराठी, त्यांना या प्रसंगाचे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही.

५.३.३ 'बाय द सी' : मौन आणि शब्दकोश

अब्दुलरझाक गुर्ना (जन्म १९४८) हे झांझिबारचे. तरुणपणी इंग्लंडमध्ये आले आणि २०२१ मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. 'बाय द सी' (२००१) या कादंबरीचा नायक सालेह ओमर हा वयस्क गृहस्थ दुसऱ्याच्या नावाचे पारपत्र घेऊन लंडनच्या विमानतळावर उतरतो. त्याला इंग्रजी उत्तम येते. पण ते येत नाही असे भासव, असा सल्ला त्याला मिळालेला आहे. अधिकाऱ्यापुढे तो गप्प राहतो. भाषा न येणे हेच येथे आश्रिताचे ओळखपत्र ठरते. अधिकारी त्याच्याविषयी त्याच्यासमोर बोलतो आणि वाचकाला माहीत असते की समोरच्या माणसाला प्रत्येक शब्द कळतो आहे.

त्याच कादंबरीतील लतीफ महमूद हा लंडनमध्ये शिकवणारा प्राध्यापक. रस्त्यात एक अनोळखी माणूस त्याला 'ब्लॅकअमूर' या जुन्या शब्दाने हिणवतो. लतीफ शब्दकोश उघडून त्या शब्दाचा इतिहास पाहतो. शिवीला शिवीने उत्तर देण्याऐवजी तिची व्युत्पत्ती पाहणे ही अभ्यासकाची रीत. परंतु शब्द किती जुना आहे हे कळल्याने जखम हलकी होत नाही, उलट ती किती जुनी आहे ते कळते.

५.३.४ मराठीत आणताना

असे साहित्य मराठीत आणताना दोन पेच येतात. पहिला शब्दाचा. इंग्रजी 'रेस'साठी आपण 'वंश' किंवा 'वर्ण' वापरतो. 'वंश' म्हटले की कुळी आठवते. 'वर्ण' म्हटले की रंगाबरोबर चातुर्वर्ण्यही येते. म्हणजे मराठी वाचक वंशभेदाविषयी वाचताना नकळत जातीविषयीही वाचत असतो. यात धोका आहे तशी शक्तीही आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना अर्पण केला; १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून आले. मात्र एक भेद विसरू नये. ज्यांचे पूर्वज गुलाम म्हणून नेले गेले ते आफ्रिकन-अमेरिकन वेगळे, आणि पारपत्रावर शिक्का घेऊन आलेली इफेमेलू वेगळी. रस्त्यावरचा माणूस दोघांनाही एकाच नावाने ओळखतो. 'अमेरिकाना'त विद्यापीठात या दोन गटांच्या विद्यार्थी संघटनाही निराळ्या आहेत.

दुसरा पेच सर्वनामाचा. इंग्रजीत अधिकारी सालेह ओमरशी एकाच 'यू'ने बोलतो. मराठी अनुवादकाने तेथे काय लिहावे, 'तू' की 'तुम्ही'? निवेदनात 'तो आला' म्हणावे की 'ते आले'? इंग्रजी मजकूर हा निर्णय देत नाही. मराठी व्याकरण तो घेतल्याशिवाय वाक्य पुरे करू देत नाही. म्हणजे त्या वृद्ध माणसाला मान द्यायचा की नाही, हे मराठीत अनुवादकाला ठरवावे लागते. नामकरण केवळ नामांनी होत नाही, सर्वनामांनी आणि क्रियापदांनीही होते.

५.३.५ तुलनेची मर्यादा

आपण प्रारंभी ऊसतोड कुटुंबांचे उदाहरण घेतले. त्याने विषय जवळ येतो. परंतु दोन्ही अनुभव सारखे मानू नयेत. हंगाम संपला की ऊसतोड कामगार गावी परततो. सालेह ओमरला परतण्याची सोय नाही. ऊसतोड कामगाराला कमी लेखताना जात, जमात आणि गरिबी पुढे येते, इफेमेलूच्या बाबतीत रंग. तुलनेने साम्य दिसले की लगेच फरक शोधावा, ही चांगल्या वाचनाची शिस्त आहे. आपण एके ठिकाणी परदत्त नाव सोसणारे असतो आणि दुसऱ्या ठिकाणी ते देणारे, हेही या शिस्तीनेच लक्षात येते.

५.४ सारांश

स्थलांतरात स्वनाम मागे पडते आणि परदत्त नाव चिकटते. मराठी मुलखात हे मलिक अंबर आणि सिद्दींच्या बाबतीत घडले. 'अमेरिकाना' उसने नाव आणि उसना उच्चार यांतून, तर 'बाय द सी' मौन आणि शब्दकोश यांतून हाच अनुभव मांडते. म्हणून अशी कादंबरी वाचताना तीन प्रश्न विचारावेत : नाव कोण देतो? कोणत्या भाषेत देतो? आणि ते मिळालेला माणूस त्याचे काय करतो, स्वीकारतो, टाळतो की उलटवतो?

५.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. मलिक अंबरच्या संबोधनांच्या आधारे स्वनाम आणि परदत्त नाव यांतील फरक स्पष्ट करा.
२. इफेमेलू अमेरिकन उच्चार आधी का स्वीकारते आणि नंतर का सोडते?
३. 'भाषा न येणे हेच ओळखपत्र ठरते' या विधानाचे 'बाय द सी'च्या संदर्भात विवेचन करा.
४. 'रेस'साठी 'वंश' आणि 'वर्ण' हे शब्द वापरताना कोणत्या अर्थच्छटा येतात?

५.६ क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावात बाहेरून आलेल्या लोकांसाठी (वीटभट्टी, बांधकाम, ऊसतोड किंवा शिक्षण यांसाठी आलेल्या) वापरली जाणारी पाच नावे लिहून काढा. प्रत्येक नाव गावाने दिले की त्या लोकांनी, हे नोंदवा. त्यांच्याशी बोलताना गावकरी 'तू' म्हणतात की 'तुम्ही', हेही पाहा. मग त्यांपैकी एका व्यक्तीला, तिची हरकत नसेल तर, विचारा : तुमच्या गावी तुम्हांला काय म्हणतात? मिळालेले उत्तर त्याच व्यक्तीच्या बोलीत लिहा.