शस्त्रक्रियेनंतर काटा अडतो तेव्हा

प्रश्न : स्लीव्ह शस्त्रक्रियेला पाच महिने झाले. आधी भराभर उतरलेलं वजन आता तीन आठवडे तिथंच आहे. शस्त्रक्रिया फसली का? – एक वाचक भगिनी, निपाणी

उत्तर : नाही. या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. पहिल्या सहा महिन्यांनंतर वेग मंदावतो, तरी उतार साधारण १२ ते १८ महिने चालतो. हलक्या झालेल्या शरीराला ऊर्जाच कमी लागते, म्हणून असे थांबे बहुतेकांना येतात.

मात्र या ताईंनी बेळगावी कुंदा, गोकाकचा करदंट अशी मिठाई आणि दिवसभराचा गोड चहा किती होतो, हे नक्की तपासावं. कोरडी भाकरी लहान जठरात अडते; कुंदा सहज उतरतो आणि पोट न भरता उष्मांक देऊन जातो. ताटात आधी अंडं, मासे, पनीर किंवा घट्ट डाळ हवी : दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासानं. चालण्याला स्नायूंचा व्यायाम जोडावा.

शस्त्रक्रियेनंतरही चांगल्या सवयी सांभाळाव्या लागतातच. नितीन गडकरींनी २०११ मध्ये मुंबईत बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया करून घेतली; आजही ते प्राणायामाबद्दल जाहीरपणे बोलतात.

उपाशी राहणं धोक्याचं. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून शल्यचिकित्सक व आहारतज्ज्ञांना महिनाभराची जेवणाची वही दाखवावी.