चांदबिबीचा महाल कोणाचा?



अहमदनगरहून पाथर्डीच्या रस्त्याने निघालात, की थोड्याच वेळात एक उंच डोंगर दिसू लागतो. त्याच्या माथ्यावर एक दगडी इमारत उभी आहे. इमारत अष्टकोनी आहे, तीन मजल्यांची आहे आणि तिच्या आठही बाजूंना मोठमोठ्या कमानी आहेत. एसटीत शेजारी बसलेल्या कोणालाही विचारा, ‘ते वर काय आहे हो?’ उत्तर ठरलेले आहे, ‘चांदबिबीचा महाल!’

हे उत्तर चुकीचे आहे. तो महाल नाही आणि चांदबिबीचाही नाही. तो एक मकबरा आहे. मूर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर त्या इमारतीच्या तळघरात आहे. सलाबतखान 1589 साली वारला. चांदबिबी त्यानंतर अकरा वर्षांनी, 1600 साली मारली गेली.

मग लोक असे का म्हणतात? कारण लोकांना चांदबिबी आठवते. अकबर बादशहाचा मुलगा मुराद मोठी फौज घेऊन आला आणि त्याने नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. ही 1595-96 सालची गोष्ट. मोगलांनी सुरुंग लावून तटाला खिंडार पाडले. चांदबिबी हातात तलवार घेऊन त्या खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा बांधून घेतला. मोगलांना किल्ला न घेताच परत जावे लागले. अशा बाईच्या नावाने लोकांनी एखादा महाल केला, तर त्यात नवल नाही. सलाबतखानाने राज्याचा कारभार चोख केला. फिरिश्ता या इतिहासकाराने त्याची वाखाणणी केली आहे. पण चोख कारभाराच्या गोष्टी आजी नातवंडांना सांगत नाही.

(2024 साली या शहराला आणि जिल्ह्याला ‘अहिल्यानगर’ हे नाव मिळाले. मी येथे चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या इमारतींविषयी सांगणार आहे, म्हणून त्या काळचे नाव वापरतो.)

दगड झिजतो, तशी नावेही झिजतात. शहराजवळ लष्कराच्या हद्दीत एक फार सुंदर वास्तू आहे. मोठ्या तलावाच्या मधोमध अष्टकोनी महाल! तो सलाबतखानाच्या देखरेखीखाली 1583 साली पुरा झाला. जुने लोक त्याला ‘फऱ्याबाग’ म्हणतात. मराठी मुलाला या नावातून काहीच कळत नाही. पण तुम्ही उर्दू वाचता. मूळ नाव आहे ‘फरहबाग’. फरह म्हणजे काय, हे मी तुम्हांला सांगायला नको. आनंद! आनंदाची बाग!

आता दुसरे नाव पाहा. सावेडी भागात ‘भिस्तबाग’ आहे. तेथेही एका अष्टकोनी महालाचे अवशेष आहेत. मराठीत ‘भिस्त’ म्हणजे भरवसा. ‘घराची सारी भिस्त आता मोठ्या मुलावर आहे’, असे आपण म्हणतो. कोणाला पाणी वाहणारा भिश्तीही आठवेल. पण ही बाग भरवशाची नाही आणि भिश्त्याचीही नाही. ती आहे ‘हश्त बहिश्त बाग’. हश्त म्हणजे आठ, बहिश्त म्हणजे जन्नत. आठ स्वर्गांची बाग, म्हणून महालालाही आठ बाजू! नाव नीट वाचता आले, की इमारतीचा आकार कळतो. हे काम तुमच्या वर्गातला कोणताही मुलगा किंवा मुलगी करू शकेल, आणि पुष्कळ शिकलेल्या माणसांना ते जमणार नाही.

आता थोडा इतिहास पाहू. मलिक अहमदने 1490 साली बहमनी फौजेचा पराभव केला आणि निजामशाहीची स्थापना केली. लढाई जेथे जिंकली तेथेच, भिंगारजवळ सीना नदीच्या काठी, त्याने हे शहर वसवले. त्याचा काळ्या दगडाचा मकबरा बागरौझा येथे आहे. किल्ला पहिल्यांदा मातीचा होता. त्याचा नातू हुसेन निजामशहा याने तो दगडाचा केला. पुढे हा किल्ला मोगलांकडे, मग मराठ्यांकडे गेला आणि 1803 साली इंग्रजांनी घेतला. त्यांनी त्याचा तुरुंग केला. 1942 च्या ‘छोडो भारत’ चळवळीत पंडित नेहरू, सरदार पटेल आणि मौलाना आझाद येथेच कैदेत होते. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ याच किल्ल्यात लिहिला. मौलाना आझादांनी आपल्या मित्राला उर्दूत पत्रे लिहिली. ती कधी टपालात पडली नाहीत. पुढे त्यांचेच ‘गुबार-ए-खातिर’ हे पुस्तक झाले. कोठडीत घरटे करणाऱ्या चिमण्यांची गंमत त्यांनी त्यात सांगितली आहे. ती तुमच्या उर्दूच्या तासाला कदाचित वाचलीही असेल. त्या चिमण्या अहमदनगरच्या होत्या!

हे राज्य डोंगर-पठारापुरते नव्हते. त्याचे एक दार समुद्रावर उघडत होते. ते दार म्हणजे चौल बंदर, आजच्या रायगड जिल्ह्यातील अलिबागजवळचे गाव. अरबस्तान आणि इराणचे घोडे तेथे उतरत. इकडचे कापड तेथून परदेशी जाई. निजामशाहीच्या आधी, 1469 साली, अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौललाच उतरला आणि घाट चढून जुन्नरला गेला. पुढे पोर्तुगीजांनी शेजारी रेवदंड्याला आपला कोट बांधला. मूर्तजा निजामशहाने 1570-71 मध्ये त्याला वेढा घातला, पण कोट हाती आला नाही. आज चौलला जा. नारळी-पोफळीच्या बागांत जुनी मशीद आणि पडका हमामखाना दिसतो. नगरच्या महालात राहणाऱ्या इराणी विद्वानांची, तुर्की कारागिरांची आणि हबशी सरदारांची वाट अशा बंदरांतूनच होती. नगरचे अवशेष पाहताना चौल विसरू नये, कारण दोन्ही एकाच घराचे भाग आहेत.

नगरचा सगळ्यांत मोठा अवशेष मात्र डोळ्यांना दिसत नाही. तो जमिनीखाली आहे.

नगर जिल्ह्यात पाऊस कमी. दुष्काळ तर पाचवीला पुजलेला. अशा ठिकाणी एवढे मोठे शहर, एवढ्या बागा, हौद आणि कारंजी कशी चालली असतील? यासाठी निजामशाहीत ‘खापरी नळ’ घातले गेले. कापूरवाडी, वडगाव, भिंगार, शेंडी अशा गावांच्या बाजूने, उंचावरच्या विहिरींतून आणि तलावांतून हे पाणी येत असे. कुंभाराने भाजलेले मातीचे नळ एकात एक बसवत. सांधे चुन्याने पक्के करत. नळ जमिनीत पुरून वरून दगड-चुन्याचे बांधकाम करत. ना पंप, ना वीज! सारे काम उताराचे. उतार जास्त झाला तर नळ फुटणार, कमी झाला तर गाळ साचणार. मैलच्या मैल हा उतार सारखा राखणारे ते कारागीर कोण होते, त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. वाटेत ठिकठिकाणी बुरुजासारखे उंच खांब बांधत. त्यांतून नळातली हवा बाहेर पडे आणि पाण्याचा दाब आटोक्यात राही. त्यांना ‘उसासे’ म्हणत. नळ श्वास घेतो, ही कल्पनाच किती सुरेख आहे! इंग्रजांच्या काळातही यांतले काही नळ दुरुस्त करून वापरात होते.

आता रस्ता रुंद करताना किंवा घराचा पाया खणताना मातीचे नळ लागतात. मजूर म्हणतो, ‘खापरं आहेत’, आणि कुदळ चालवतो. त्याचा दोष नाही. ही खापरे कशाची आहेत, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. किल्ल्याचा दगड पडला तर वर्तमानपत्रात बातमी येते. नळ फुटला तर कोणाला पत्ताही लागत नाही.

जी गोष्ट नळांची, तीच लेखांची. विजापूरच्या बुरुजावर ‘मलिक-ए-मैदान’ नावाची प्रचंड तोफ आहे. तिचे वजन सुमारे 55 टन आहे. ही तोफ विजापूरची नव्हे. ती 1549 साली अहमदनगरला ओतली गेली. हे आपल्याला कसे कळले? तोफेवरच अरबी-फारसी लेख कोरलेला आहे. त्यात निजामशहाचे, ओतणाऱ्या रूमी कारागिराचे नाव आहे आणि हिजरी 956 हे साल आहे. हिजरी सालाला 0.97 ने गुणा आणि त्यात 622 मिळवा. वहीत करून पाहा, 1549 येते.

काही लेखांत साल आकड्यांत नसते, अक्षरांत लपवलेले असते. अबजद पद्धतीत प्रत्येक अक्षराला एक किंमत आहे. बिस्मिल्लाहचे 786 तुम्हांला ठाऊकच आहेत. तशीच एखाद्या ओळीतल्या अक्षरांची बेरीज केली, की मशीद बांधल्याचे साल निघते. आणि हे फक्त मशिदी-मकबऱ्यांपुरते नाही. मराठ्यांच्या मोडी कागदांत सन लिहिलेला असतो तो असा : इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस. मराठी शाळेतली मुले हे पाठ करतात, तेव्हा त्यांना घाम फुटतो. तुम्हांला त्यांत अरबी आकडे ओळखू येतील. ज्याला मराठी आणि उर्दू दोन्ही चांगल्या येतात, त्याच्यासाठी या जिल्ह्यात पुष्कळ काम पडून आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी आणि फारसी लेख वाचणारी शाखा तर आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. तेथील तज्ज्ञ ओला कागद दगडावर दाबून लेखाचा ठसा घेतात आणि तो वाचून प्रसिद्ध करतात.

पण वाचण्याआधी लेख शिल्लक तर राहिला पाहिजे. नुकसान नेहमी शत्रूच करतात असे नाही. मायेने केलेले नुकसान मी जास्त पाहिले आहे. उरूस जवळ आला, की दर्ग्याच्या दगडांना चकचकीत ऑइलपेंट लावतात. भावना चांगली असते, पण रंगाचे थर एकावर एक चढून कोरलेली अक्षरे बुजून जातात. भिंतीला भेग पडली, की सिमेंट थापतात. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुना ओल शोषतो आणि बाहेर टाकतो. सिमेंट ती ओल आत कोंडून ठेवते. मग क्षार फुलतात आणि सिमेंटच्या मागचा जुना दगड भुगा होऊन गळू लागतो. म्हणून जाणकार लोक जुनी इमारत चुन्यानेच दुरुस्त करतात. ते काम सावकाश होते आणि त्याला पैसाही लागतो.

किल्ल्याच्या पूर्वेला दमडी मशीद आहे. ती 1567 सालची. लहानशी आहे, पण दगडावरचे कोरीवकाम पाहत राहावे असे. किल्ल्यावर काम करणाऱ्या मजुरांनी मजुरीतून एक एक दमडी दिली आणि ही मशीद उभी राहिली, असे सांगतात. ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाही’ ही म्हण कंजुषासाठी आहे. येथे मजुरांनी दमडी दिली आणि चार शतकांहून अधिक काळ तिचा हिशोब उभा आहे! त्या नक्षीवर कोणी खिळ्याने आपले नाव कोरले, तर त्याला काय म्हणावे? दमडी मशीद, फरहबाग आणि सलाबतखानाचा मकबरा या तिन्ही वास्तूंना कायद्याचे संरक्षण आहे. 1958 च्या कायद्याप्रमाणे अशा वास्तूची नासधूस करणे हा गुन्हा आहे. 2010 साली त्यात सुधारणा झाली. आता त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण शहरातील शेकडो लहान कबरी, हौद, कमानी आणि उसासे कोणत्याही यादीत नाहीत. त्यांना फक्त शेजाऱ्यांचे संरक्षण आहे.

पुसून टाकणे किती सोपे असते, याचे एक उदाहरण पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात जपून ठेवले आहे. आफताबी नावाच्या कवीने हुसेन निजामशहाच्या स्तुतीपर फारसी काव्य लिहिले, ‘तारीफ-ए-हुसेनशाही’. त्याच्या हस्तलिखितात सुंदर रंगीत चित्रे आहेत. राजाशेजारी राणी खुंजा हुमायूनही काढली होती. ती चांदबिबीची आई. पुढे कोणीतरी बहुतेक चित्रांतून राणी पुसून टाकली. पण पुसल्याची खूण राहिलीच, आणि त्या खुणेवरून अभ्यासकांनी राणीला पुन्हा ओळखले.

तेव्हा या सुट्टीत एक वही करा. आपल्या मोहल्ल्यातील जुन्या वास्तूंची नावे लिहा. एका बाजूला लोक म्हणतात ते नाव मराठीत लिहा, दुसऱ्या बाजूला मूळ नाव उर्दूत. आजी-आजोबांना विचारा : हौद कोठे होता, कारंजे कोठे होते, उसासा कोणी पाडला. घरात जुने फारसी किंवा मोडी कागद असतील, तर त्यांना प्लॅस्टिक चिकटवू नका आणि रद्दीतही देऊ नका. लेख दिसला तर त्यावर खडू फिरवू नका, कोळसा घासू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात पाहा, अक्षरे आपोआप उठून दिसतात.

आणि त्या डोंगरावर जायचे असेल, तर रिक्षावाल्याला ‘सलाबतखानाच्या मकबऱ्याला चला’ असे म्हणू नका. त्याला कळणार नाही. ‘चांदबिबी महाल’ म्हणा, तो बरोबर नेऊन सोडील. वाटेत डोंगर चढताना त्याला खरी गोष्ट सांगा.