लॉक नाही म्हणून बिचकू नकोस गं

अगं, तुझा मेसेज वाचला. मुंबईच्या अणुशक्तीनगरहून थेट म्हैसूरजवळच्या येलवालला बदली, खोकी अजून चिकटपट्टीसकट भिंतीला टेकलेली, विळी कुठल्या खोक्यात गेली तेही आठवत नाही. आणि दादाने दिलेला तो लाल घडीचा चाकू हातात घ्यायला तू घाबरतेस. ‘याला लॉकच नाही, बोटावर मिटला तर?’ खरं सांगू का, प्रश्न अगदी रास्त आहे, पण भीती जरा जास्तच आहे.

लॉक नाही म्हणजे पातं नुसतं लोंबकळतंय असं नाही. मुठीच्या पाठीत एक चपटी स्प्रिंग असते आणि पात्याचं बूड चौकोनी घासलेलं असतं. पातं पूर्ण उघडलं की बुडाची सपाट कड स्प्रिंगवर पक्की बसते. मिटायचं तर बुडाच्या कोपऱ्याने आधी स्प्रिंग उचलली पाहिजे, म्हणून तर ते जड लागतं आणि टक् वाजतं. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्झनर यांनी 1897 साली अनेक हत्यारांचा असा चाकू आणला, त्यातली खुबी हीच: एकच स्प्रिंग दोन्ही बाजूंची हत्यारं धरून ठेवते. नव्या काही चाकूंत बुडाला खाच असते आणि स्प्रिंगचं नाक तिच्यात बसतं. ब्रिटनमध्ये 3 इंचांपर्यंतच्या पात्याचा, लॉक नसलेला घडीचा चाकू कारण न देता जवळ बाळगता येतो. त्यामुळे अशा चाकूंचं पातं पक्कं उघडं राहावं म्हणून कंपन्यांनीही डोकं लढवलंय.

आपली घडीची विळी आठव बघ. भाजी धारेवर ढकलतेस तेव्हा पातं मिटत नाही, उलट आणखी टेकतं. चाकूचंही तसंच. पेरू चिर, पपई काप, खोक्याची पट्टी ओढत काप, जोर धारेवर येतो आणि पातं उघडंच राहतं. घोटाळा होतो तो टोक खुपसताना किंवा पात्याच्या पाठीवर दाब पडताना. नंदिनी दुधाच्या पिशवीला भोक पाडायला टोक खुपसायचं नाही, कात्री शोध. जाड पुठ्ठ्यात पातं अडकलं तर उचकटायचं नाही, गेलं तसंच सरळ मागे ओढायचं. आणि पाठीवर अंगठा दाबायची सवय लावूच नकोस. फळ अचानक तुटलं की तोच जोर पातं मिटवतो. अंगठा मुठीवर ठेव, बाकीची बोटं पात्याच्या वाटेतून बाहेर. एवढं पाळलंस की झालं.

आता तुझा चाकू तपासू या. पातं पूर्ण उघड, चिमटीत धरून आडवं हलव. खडखडलं तर बिजागरी सैल आहे. मग सगळी बोटं बाजूला ठेवून पाठीवर हलकेच दाब. थोडा अडून, जोर लावल्यावर मिटला तर चांगला. फुंकर मारल्यासारखा मिटला तर तो पाकिटं फोडायला ठेव, फळांना नको. फार कडक स्प्रिंगही मला आवडत नाही बरं का. नखं तुटतात, आणि मिटताना पातं फाडकन बसतं. माझ्या नखांचा तर भांड्यांनी कधीच निकाल लावलाय, मी नाण्याने पातं उघडते आणि घरात सगळे हसतात.

धार गेली की लक्ष लगेच जातं, पण स्प्रिंगजवळच्या घाणीकडे कोणी बघत नाही. फणसाचा चीक, साखरेचा पाक, खिशातली धूळ आत बसली की पातं अर्ध्यातच अडकतं आणि आपल्याला वाटतं, पूर्ण उघडलं. कोमट साबणाच्या पाण्यात उघड-मीट करून धू, पूर्ण वाळव, मग बिजागरीत तेलाचा एक थेंब. खोबरेल नको गं; डिसेंबरात येलवालच्या सकाळी ते थिजेल. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन आण, फळं कापायच्या चाकूला तेच बरं.

लॉकवाला चाकू हवाच असेल तर फ्रेंच ओपिनेल बघ. 1955 पासून त्याच्या मुठीवर फिरवायची कडी असते. पण तुझ्या कामाला याची गरज मला दिसत नाही. आणि हो, मुंबईला विमानाने येशील तेव्हा चाकू चेक-इन बॅगेत टाक, पर्समध्ये राहिला तर तपासणीत काढून घेतील.